केसलापूरची वाट : आदिलाबादच्या जत्रा आणि पाहुण्याचा धर्म

१

एखाद्या जिल्ह्याचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे आपले लक्ष प्रथम राजवंशांकडे, लढायांकडे आणि महसुलाच्या कागदांकडे जाते. गावात वस्ती करून राहणाऱ्यांचा विचार त्यानंतर होतो. परंतु त्या गावी सणावाराच्या निमित्ताने कोण येत असे, कोणत्या नात्याने येत असे आणि त्यास तेथे कोणत्या अटींवर राहू दिले जात असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक खेड्याचे आणि बाहेरच्या जगाचे नाते ज्या प्रसंगी उघड होते, तो प्रसंग म्हणजे जत्रा होय. बाजार, देवदर्शन, सोयरिकीची बोलणी, राज्यकर्त्यांपुढे मांडावयाची गाऱ्हाणी आणि मनाचा विसावा ही सर्व तेथे एकाच माळावर एकत्र येतात.

अलीकडे ग्रामीण पर्यटनाची चर्चा सर्वत्र चालू आहे. तेलंगणातील भूदान पोचमपल्ली ह्या विणकरांच्या गावाची जागतिक पर्यटन संघटनेने २०२१ साली उत्तम पर्यटनग्राम म्हणून निवड केली, तेव्हापासून त्या राज्यातील इतर लहान गावांकडेही प्रवाशांचे व शासनाचे लक्ष वळू लागले आहे. ह्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते, ती अशी की, गावाला भेट देण्याची प्रथा शहरातील सुखवस्तू माणसाने सुरू केली आणि गाव हे केवळ पाहण्याचे स्थळ आहे. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. तेथील शेतकरी समाजात एका गावाने दुसऱ्या गावी जाण्याचे शास्त्र फार जुने आहे. त्यास नियम आहेत, मान आहेत, आणि पाहुण्याने पाळावयाची बंधनेही आहेत. ते शास्त्र कोणते आणि बाहेरून आलेल्यांनी ते कितपत पाळले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकास ह्या विषयात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात मराठी ही दीर्घकाळ निरनिराळ्या जमातींची व्यवहाराची भाषा होती, आणि ह्या मुलखाचा मराठी विद्येशी असलेला संबंध आपण समजतो त्याहून निकटचा आहे.

२

जुना आदिलाबाद जिल्हा म्हणजे दक्षिणेस गोदावरी आणि उत्तरेस पैनगंगा, वर्धा व प्राणहिता ह्या नद्यांच्या मधला प्रदेश. निजामी अमदानीत त्यास आरंभी सिरपूर-तांडूर असे नाव होते. १९०५ साली त्यास जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि आदिलाबाद, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे एदलाबाद, हे त्याचे मुख्य ठाणे झाले. सागाची अरण्ये, मधूनमधून काळ्या जमिनीची पठारे, त्यांत ज्वारी आणि कापूस, असे ह्या मुलखाचे स्थूल चित्र आहे. कापसाच्या व्यापारामुळे आदिलाबादचा संबंध एकीकडे वऱ्हाडाशी व दुसरीकडे नांदेडशी राहिला. मुदखेडहून किनवटमार्गे येणाऱ्या लोहमार्गाने आणि नागपूर-हैदराबाद ह्या राजमार्गाने तो दृढ केला.

ह्या प्रदेशाच्या सीमा वेळोवेळी बदलल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा राजुरा तालुका, तसेच किनवटचा भाग, मुंबई राज्यात गेला. राजुरा प्रथम नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, आणि २०१४ साली तेलंगणात आला. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचेही विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. शासनाच्या नकाशावर झालेले हे फेरफार येथे सांगण्याचे कारण असे की, जत्रेची वाट ह्या सर्व रेषा ओलांडून पूर्वीप्रमाणेच चालत आलेली आहे.

येथील वस्तीही एकरंगी नाही. राजगोंड हे संख्येने व इतिहासाने प्रमुख. त्यांच्या शेजारी कोलाम असून स्थानिक देवतांचे पुजारीपण त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांना पुजारी ह्याच नावाने ओळखले जाते. मराठी बोलणारे आंध, गोंडांचे कुलवृत्तांत गाणारे परधान व तोटी, बंजारे, शिवाय तेलुगू व मराठी बोलणारे शेतकरी आणि कारागीर अशी ही मिश्र वस्ती आहे. ह्यांपैकी परधानांचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारे आहे. त्यांच्या घरची बोली मराठी, परंतु जी दीर्घ कुलकथाने ते किकरी ह्या तंतुवाद्यावर गातात, ती मात्र गोंडी भाषेत. म्हणजे गोंडांचे पुराण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवले, त्यांच्या घरात आई मुलाशी मराठीत बोलत होती. दोन भाषांमधील इतके जिवंत देणेघेणे सीमाभागातही फार ठिकाणी आढळत नाही.

३

बाहेरून येणाऱ्यांच्या इतिहासातील एक जुना लेख आदिलाबाद शहरापासून फार दूर नसलेल्या जैनथ ह्या गावी आहे. तेथील लक्ष्मीनारायणाच्या मंदिरातील शिलालेख परमार राजपुत्र जगद्देव ह्याच्या काळचा असून संस्कृतात आहे. जगद्देव हा माळव्याच्या उदयादित्याच्या घराण्यातील पुरुष. तो दक्षिणेत येऊन कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावच्या शके १०३४, म्हणजे इसवी सन १११२ च्या लेखातही त्याचा उल्लेख येतो. जैनथच्या लेखात त्याच्या पराक्रमाची प्रशस्ती असून त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर उभारल्याचे सांगितले आहे. आज त्या ठिकाणी विष्णुरूपाची पूजा होत असली, तरी वर्षातील काही ठराविक दिवशी सकाळचे किरण थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात असे सांगतात, आणि ते पाहण्यास लोक जमतात. कार्तिकात तेथे उत्सवही भरतो.

माळव्याहून आलेल्या घराण्याने एका शेतकरी गावात दगडी स्मारक ठेवले, म्हणून त्याची आठवण राहिली. ज्या लोकांनी दगडाऐवजी गीताचा व चालीरीतीचा आश्रय केला, त्यांच्या येण्याजाण्याचा इतिहास लेखात सापडत नाही. तो त्यांच्या सणांतच शोधावा लागतो.

ह्या दृष्टीने गोंडांचा दंडारी हा उत्सव पाहण्याजोगा आहे. आश्विनात पीक उभे असता, दिवाळीच्या आधीच्या दिवसांत, एका गावातील तरुणांचे नृत्यपथक दुसऱ्या गावी जाते. त्यांत मोरपिसांचा भव्य टोप घातलेले, अंगाला राख फासलेले, हाती दंड घेतलेले गुसाडी असतात. यजमान गाव त्यांना वेशीवर सामोरे जाते, त्यांना भोजन देते आणि रात्रभर नृत्यगीत चालते. ज्या गावी जावयाचे ते वाटेल तसे निवडले जात नाही. गोंड समाज चार, पाच, सहा व सात भावांच्या गटांत विभागलेला असून एका गटात आपसांत लग्ने होत नाहीत. त्यामुळे ज्या गावाशी सोयरीक होऊ शकेल त्या गावी जाण्याकडे साहजिकच कल असतो, आणि दंडारीच्या मुक्कामातून पुढे लग्ने ठरल्याची उदाहरणे अनेक आहेत. एका वर्षी जो पाहुणा, तो पुढे केव्हातरी यजमान होतो. परतफेडीचे हे बंधन दोन्ही गावे मानतात.

ह्यावरून असे दिसते की, दुसऱ्याच्या गावी जाऊन आनंद लुटणे ही कल्पना ह्या समाजास नवी नाही. मात्र तेथे आनंदाबरोबर नाते येते, आणि नात्याबरोबर देणे येते.

४

ह्या सर्व प्रथेचे सर्वांत व्यापक रूप म्हणजे केसलापूरची नागोबाची जत्रा. केसलापूर हे इंद्रवेल्ली मंडलातील एक लहानसे गाव. आदिलाबाद-उटनूर रस्त्यावरील मुतनूरजवळून त्याचा फाटा फुटतो. इतर दिवशी कापसाच्या व तुरीच्या शेतांतील कोणतेही गाव असावे तसे ते दिसते. पौष अमावास्येच्या सुमारास मात्र तेथे जनसमुदाय लोटतो. तेलंगणातील आदिवासींच्या जत्रांत मेडारमखालोखाल हिचे नाव घेतले जाते, आणि महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश व ओडिशा येथूनही लोक येतात.

नागोबा हे सात भावांच्या गटातील मेसराम कुळाचे दैवत आहे. जत्रेचे यजमानपण ह्या कुळाकडे असून सर्व विधी त्यांच्याच हातून होतात. पौषाची चंद्रकोर दिसल्यानंतर मेसराम मंडळी एकत्र येतात. प्रथम बैलगाडी गावोगाव फिरून जत्रेची वार्ता देते. त्यानंतर कुळातील पुरुष, बरोबर परधान घेऊन, अनवाणी पायांनी गोदावरीकडे निघतात. जन्नारम मंडलातील हस्तिनामडुगू ह्या डोहातून ते पितळी झारीत पाणी भरून घेतात. वाटेतील गावे त्यांच्या मुक्कामाची व भोजनाची सोय करतात. परतताना इंद्रवेल्लीस इंद्रादेवीची पूजा करून ते केसलापूरजवळच्या वडाच्या झाडांखाली उतरतात, आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने नागोबास अभिषेक होतो. विधीसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याचा कुंभार घडवून देतो. तो गोंड नव्हे, तरी त्याच्या हातच्या घागरीवाचून पूजा पुरी होत नाही.

पंढरीची वारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्या पायी वाटचालीचे मर्म सांगावे लागणार नाही. तथापि दोहोंत एक भेद आहे. वारकरी देवाकडे चालत जातो. मेसराम देवासाठी नदीकडे जातो, आणि नदीचे पाणी घेऊन घरी परततो. केसलापूर हे त्याचे तीर्थही आहे आणि माहेरही आहे. म्हणूनच तेथे येणाऱ्या बाकीच्या सर्वांस तो आपले पाहुणे समजतो.

जत्रेतील आणखी दोन चाली ध्यानात घेण्यासारख्या आहेत. शेकडो गावांतून आलेल्या मेसराम कुटुंबांचा स्वयंपाक देवळाजवळच्या गोवाड ह्या आवारात केवळ बावीस चुलींवर होतो. आपली चूल मांडण्याची मुभा कोणासही नसते. कुळाच्या ज्या शाखेस जी चूल नेमून दिलेली आहे, तिच्यावरच पाळीपाळीने अन्न शिजते. एरवी विखुरलेल्या कुळाचा हिशेब ह्या चुलींवर दरवर्षी नव्याने मांडला जातो असे म्हणावयास हरकत नाही. दुसरी चाल नववधूंची. मेसराम घराण्यात लग्न होऊन आलेल्या मुली शुभ्र वस्त्रे नेसून, चेहरा झाकून, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांबरोबर नागोबापुढे येतात. तेव्हापासून त्या कुळाच्या पूजेत भाग घेण्यास पात्र होतात. ह्या विधीस तेथे भेटिंग म्हणतात, आणि शब्दातील ‘भेट’ मराठी वाचकास निराळी सांगावयास नको.

विधींच्या बरोबरीने बाजार भरतो. बांगड्या, कापड, भांडी, शेतीची अवजारे, मिठाई, पाळणे ह्यांची दुकाने लागतात. कापसाची वेचणी बरीचशी उरकलेली असल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती चार पैसे असतात. कुळाच्या गंभीर पूजेपासून पोराबाळांच्या हौसेपर्यंत सर्वांस त्या एका माळावर जागा मिळते. करमणूक आणि धर्म ह्यांची वाटणी करण्याची गरज तेथे कोणास भासत नाही.

५

जत्रेत आप्त आणि व्यापारी येत होते तोपर्यंत ह्या व्यवस्थेस धक्का नव्हता. विसाव्या शतकात मात्र निराळ्या जातीचे आगंतुक आले. निजामी राज्यात जंगले राखीव होऊ लागली, गोंडांची शेते राखीव हद्दीत धरली जाऊ लागली, आणि पट्टा नसलेल्या जमिनी सावकारांच्या व बाहेरून आलेल्या कास्तकारांच्या नावावर चढू लागल्या. जंगलखात्याचा शिपाई, पटवारी आणि सावकार हे तिघेही गावात येत. परंतु त्यांच्यापैकी कोणीही गावाचा पाहुणा नव्हता. ह्या अन्यायाविरुद्ध कोमरम भीमू ह्यांनी उठाव केला आणि १९४० साली जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

ह्या उठावाने सरकारची झोप उडाली. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याच्या कामी पुढे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाचा उपयोग झाला. हे गृहस्थ व्हिएन्नाचे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली आणि त्यांना निजामाच्या राज्यात राहावे लागले. त्यांनी व त्यांच्या पत्नी बेटी ह्यांनी मारलवाई ह्या गोंड गावात झोपडी बांधून मुक्काम केला. गावकऱ्यांची भाषा शिकून, त्यांच्या दंडारीत व जत्रेत त्यांच्याबरोबर हिंडून, त्यांनी जे टिपले त्यावर त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यांच्या अहवालांमुळे हजारो आदिवासी कुटुंबांस जमिनीचे पट्टे मिळाले. बेटी ह्या १९८७ साली वारल्या, तेव्हा त्यांना मारलवाईसच पुरण्यात आले. परक्याने कोणत्या प्रकारे पाहुणा व्हावे, ह्याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची आहे. १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथे वापरण्यासाठी गोंडी भाषेतील जी पहिली वाचने छापली गेली, ती देवनागरी लिपीत होती. मराठी ही त्या भागाची सामाईक भाषा असल्याने ही निवड झाली. म्हणजे गोंड मुलाने शाळेत आपल्या आईची भाषा प्रथम ज्या अक्षरांत वाचली, ती आपलीच अक्षरे होत. ह्याच काळात हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी ह्यांनी आदिलाबादच्या आदिवासी भागात अधिकारी म्हणून काम केले. शिवकालाचे व मोगल-मराठा संबंधांचे इतिहासकार म्हणून आपण त्यांस ओळखतो. परंतु गोंडी आणि कोलामी ह्या दोन भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तकही त्यांचेच, हे त्यांच्या अनेक वाचकांस ठाऊक नसते. प्रजेकडे गाऱ्हाणी ऐकावयास जाणाऱ्या अधिकाऱ्याने दुभाष्यावर न विसंबता व्याकरण लिहिण्याइतकी तिची भाषा शिकावी, हा आदर्श आजच्याही प्रशासकापुढे ठेवण्यासारखा आहे.

केसलापूरचा दरबार हाही ह्याच दशकातला. विखुरलेल्या पाड्यांतील माणसांस तालुक्याच्या ठिकाणी येऊन अर्ज करणे अवघड, कचेरीची भाषा अनोळखी, मधल्या लोकांचा जाच वेगळा. तेव्हा जेथे सर्व लोक आपणहून जमतात, तेथेच सरकारने जावे, असा विचार हायमेनडॉर्फ ह्यांनी पुढे मांडला. त्यानुसार जत्रेच्या दिवसांत जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी केसलापुरास येऊन लोकांच्या तक्रारी ऐकू लागले. ही प्रथा राज्ये बदलली तरी टिकली आणि आजही जिल्हाधिकारी व मंत्री दरबारास उपस्थित राहतात. जत्रेच्या व्यवस्थेच्या दृष्टीने पाहता ह्यात एक अर्थपूर्ण उलटापालट झालेली दिसते. एरवी प्रजा सरकारच्या दारी जाते. येथे सरकार मेसरामांच्या दारी पाहुणे म्हणून येते, आणि पाहुण्याने यजमानाचे म्हणणे ऐकून घ्यावे ही मर्यादा त्याच्यावर आपोआप पडते.

६

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होते, हेही त्याच परिसराने पाहिले आहे. केसलापूरच्या वाटेवरील इंद्रवेल्ली हे आठवडी बाजाराचे गाव. २० एप्रिल १९८१ हा सोमवार, म्हणजे बाजाराचा दिवस होता. जमिनीच्या व पिकाच्या भावाच्या प्रश्नावर गिरिजन रयतु कूली संघमने सभा बोलावली होती. तिला परवानगी नाकारण्यात आली, तरी गावोगावचे गोंड बाजारास येतात तसे आले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा असून प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक माणसे मारली गेली असे लोक मानतात. तेथे उभा असलेला हुतात्मा स्तूप आज जत्रेस जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो.

ज्या सरकारने चाळीस वर्षांपूर्वी माळावर बसून गाऱ्हाणी ऐकण्याची पद्धत पाडली, त्याच्याच वारसांनी तेच गाऱ्हाणे बाजाराच्या गावी मांडले जात असता बंदुकीचा अवलंब केला. दरबार टिकला, परंतु केवळ दरबार टिकल्याने ऐकण्याची वृत्ती टिकते असे नाही, हा धडा इंद्रवेल्लीने दिला. आदिलाबादला जाऊन केवळ नृत्याची छायाचित्रे घेऊन परतणाऱ्याने हा स्तूप टाळून जाऊ नये. तो त्या जत्रेच्या इतिहासाचाच भाग आहे.

७

गेल्या काही दशकांत ह्या मुलखात येणाऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला आहे. नेरडिगोंडा मंडलात कडेम नदीवर कुंटाला येथे सुमारे ४५ मीटर उंचीचा धबधबा आहे, तो तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा समजला जातो. बोथच्या बाजूस पोचेराचा धबधबा आहे. पावसाळ्यात व त्यानंतर हैदराबाद, नागपूर, नांदेड येथून लोक मोटारींनी येतात, जंगलात हिंडतात आणि संध्याकाळी परत जातात. कुंटाल्यासही महाशिवरात्रीस सोमेश्वराच्या दर्शनासाठी आसपासच्या खेड्यांतील लोक जमतात. म्हणजे प्रवाशाने जे निसर्गस्थळ म्हणून पाहिले, ते गावकऱ्याचे देवस्थान आहे. एकाच कड्यावर दोन प्रकारचे लोक उभे असतात, आणि त्यांपैकी एकास दुसऱ्याच्या तिथ्या ठाऊक नसतात.

दंडारीचे नृत्यही आता गावाच्या वेशीबाहेर पडले आहे. मारलवाईचे कनक राजू ह्यांनी गुसाडी नृत्य राजधानीपर्यंत नेले, नव्या पिढीस ते शिकविले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कार्याने ह्या कलेस प्रतिष्ठा लाभली ह्यात शंका नाही. परंतु रंगमंचावरील गुसाडी कोणाच्या वेशीवर थांबत नाही, आणि त्यास परत भेट देण्याचे ऋण कोणावर राहत नाही. हा दोष नर्तकाचा नव्हे. नाते सोडून केवळ दृश्य मागणाऱ्या प्रेक्षकाने ते दृश्य तेवढेच उरविले आहे.

ह्या पार्श्वभूमीवर मेसराम कुळाने अलीकडे केलेले एक काम मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. जत्रेस राज्याच्या उत्सवाचा मान मिळाला, निधी येऊ लागला, रस्ते सुधारले. परंतु नागोबाचे नवे दगडी मंदिर मेसरामांनी आपसांत वर्गणी काढून बांधले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. ह्या कुळात बहुसंख्य लोक कापसाची शेती करणारे. पावसाच्या लहरीवर ज्यांचे वर्ष अवलंबून, त्यांनी वर्षानुवर्षे पैसा बाजूला ठेवून हे घडविले. त्यामागचा भाव उघड आहे. पाहुणे कितीही येवोत, सरकारही येवो, पण घर आमचे आहे आणि यजमान आम्ही आहोत, हे त्यांनी दगडात लिहून ठेवले. जैनथच्या शिलालेखानंतर सुमारे नऊशे वर्षांनी, ज्यांचा इतिहास केवळ किकरीच्या तारेवर होता, त्यांनीही दगडाचा आश्रय केला.

लेखनाच्या बाबतीतही तसेच घडले. आदिलाबाद जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची एक स्वतंत्र लिपी असलेली जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ती विद्वानांच्या दृष्टीस आली. पुढे ही लिपी शाळांतून शिकविण्याचे प्रयत्न झाले, आणि २०१८ साली संगणकावरील आंतरराष्ट्रीय अक्षरसंचात तिला स्थान मिळाले. गोंडीस लिपी नाही असे समजून जे लोक त्या गावावरून वर्षानुवर्षे गेले, त्यांना ती दिसली नाही, कारण घरात जाऊन विचारण्याइतके ते थांबले नव्हते.

८

ह्या सर्व विवेचनातून निष्पन्न होणारी गोष्ट थोडक्यात सांगता येईल. आदिलाबादच्या शेतकरी गावांस बाहेरच्या माणसाचे वावडे कधीच नव्हते. कुंभार, व्यापारी, परधान, दुसऱ्या कुळाचे नर्तक, परदेशी पंडित, सरकारी अंमलदार, ह्या सर्वांस त्या समाजाने आपल्या सणात जागा दिली. अट एवढीच होती की, येणाऱ्याने आपले नाते सांगावे, यजमानाचा नियम पाळावा आणि घेतले तेवढे कोणत्या तरी रूपाने परत करावे. ज्यांनी ही अट पाळली, त्यांची आठवण आजही राहिली आहे. ज्यांनी ती मोडली, त्यांचीही राहिली आहे.

तेव्हा ह्या मुलखात प्रवासास जाऊ नये असे नव्हे, तर जाण्यापूर्वी काय शिकावे हा खरा प्रश्न आहे. ह्या कामी शिक्षकांस व साहित्यसंस्थांस करता येण्यासारखे बरेच आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांतील शाळांच्या सहली पैनगंगेपलीकडे जातात. त्या मुलांस धबधब्याच्या उंचीबरोबर कोमरम भीमू कोण होते हेही सांगावे, केसलापूरची अमावास्या कोणती आणि भेटिंग म्हणजे काय हे समजावून द्यावे, आणि देवापुढे उभ्या असलेल्या नववधूचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिच्या घरच्यांस विचारावे लागते, हे शिकवावे. परधानांच्या मुखी असलेली कुलकथाने गोंडी मूळ व मराठी अनुवाद ह्यांसह लिहून घेण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे, आणि ज्यांच्या घरी दोन्ही भाषा नांदतात असे सहकारी ते गाणारेच आहेत. पगडींनी सुरू केलेल्या अभ्यासाकडे मराठी विद्येने पुढे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिले नाही, ही उणीव भरून काढण्यास अजून अवकाश आहे.

१९५६ च्या सीमेने आपल्या आणि ह्या मुलखाच्या मध्ये राज्याची रेषा ओढली. आदिलाबादच्या शाळांतून पुढे मराठीची जागा तेलुगूने घेतली, आणि आपलेही तिकडे लक्ष राहिले नाही. मेसराम मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. केसलापूर आज एका जिल्ह्यात आहे आणि ज्या डोहातून पाणी आणावयाचे तो हस्तिनामडुगू दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळे त्यांच्या वाटेत फरक पडला नाही. त्या वाटेवर मराठी माणसाने जावयाचे, तर देवनागरीत छापलेल्या त्या पहिल्या गोंडी वाचनांचे नाते सांगत जाता येईल. ते नाते खरे आहे, आणि ते सांगितल्यावर परतफेडीचे बंधनही आपल्यावर येते.